‘मला नाही जमणार!’

संध्याकाळी पाच-साडेपाचला भाजी आणायला निघाले, की माझी वाट कॉलेजच्या मैदानावरून जाते. एकदा सहज कुंपणाशी थांबले आणि मोजलं. क्रिकेटची दोन टोळकी, एका बाजूला व्हॉलीबॉल, पलीकडे धावणारे पाच-सहा जण, मिळून पन्नासाच्या वर मुलगे होते. आणि मुली? अकरा. त्यातल्या आठ जणी पायऱ्यांवर बसून गप्पा मारत होत्या, दोघी वह्या छातीशी धरून मैदानाच्या कडेकडेने घाईघाईने फाटकाकडे निघाल्या होत्या आणि एक कुणाची तरी बॅग सांभाळत उभी होती. खेळत मात्र एकही नव्हती. वर्गात मुलींची संख्या मुलग्यांच्या बरोबरीची आहे, निकालात तर त्या वरच असतात. मग मैदानावरच त्यांचं घोडं कुठे अडतं?

हा प्रश्न मी आमच्या महिला मंडळात काढला. “अहो, मुलींना मुळी खेळाची आवडच नसते,” एकीने निकाल दिला. “त्या मोबाइलमधून डोकं वर निघेल तर ना!” दुसरी म्हणाली. तिसरीचं म्हणणं, “आता हुंदडायचं वय आहे का त्यांचं? बरंच आहे की, घरी वेळेवर येतात.”

मला काही हे पटलं नाही. आपल्या गल्लीतल्या सात-आठ वर्षांच्या पोरी आठवून बघा. लंगडी म्हणू नका, लगोरी म्हणू नका, डबा ऐसपैस म्हणू नका. दिवेलागणीला चार हाका मारल्याशिवाय घरात पाऊल टाकत नाहीत. आवडच नसती तर ही कुठून आली? आणि होती ती आवड दहा वर्षांत गेली कुठे? बरं, ही काही आपल्याच गावची गोष्ट नाही. जागतिक आरोग्य संघटनेने १४६ देशांतल्या ११ ते १७ वर्षांच्या शाळकरी मुलामुलींची पाहणी २०१९ साली प्रसिद्ध केली. त्यातली २०१६ची आकडेवारी सांगते, की रोज निदान तासभर अंग हलायला हवं, तेवढं ज्यांचं हलत नाही असे मुलगे ७८ टक्के आणि मुली ८५ टक्के. म्हणजे मुलगेही काही फार उजेड पाडत नाहीत, हो! पण मुली त्यांच्याही मागे आहेत.

या सगळ्याचा मी एवढा विचार करू लागले त्याला कारण माझी पुतणी.

जुलै २०२५ मध्ये माझ्या धाकट्या दिरांची मुलगी कॉलेजसाठी आमच्याकडे राहायला आली. खटाव तालुक्यातलं लहानसं गाव त्यांचं. शाळेत असताना ही पोर खो-खो अशी खेळायची, की बघत राहावं. जिल्ह्यापर्यंत खेळून आलेली. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीला खो-खोचा पहिला विश्वचषक झाला, आपल्या महाराष्ट्राची प्रियांका इंगळे कप्तान होती आणि भारताच्या मुलींनी अंतिम सामन्यात नेपाळला ७८-४० असं हरवलं. तेव्हा हिची बारावी तोंडावर होती, तरी पुस्तक मिटून तिने सगळे सामने बघितले, असं जाऊबाई सांगत होत्या. मी आपली समजत होते, की कॉलेजात गेली की ही पहिल्या दिवशी जिमखान्यात नाव देणार.

ऑगस्टमध्ये संघाची निवड झाली. हिने नावच दिलं नाही. मी विचारलं तर म्हणाली, “मला नाही आवडत आता, काकू.”

पोराने ताट बाजूला सारून ‘भूक नाही’ म्हटलं, तर आपण ताट उचलतो का? आधी कपाळाला हात लावून बघतो. तसंच माझं झालं. बी.ए.ला माझा मानसशास्त्र विषय होता. पुढे संसारात त्याचा उपयोग सासू-जावा-नणंदांपुरताच झाला, ते असो. पण नगरवाचनालयातून दोन-चार पुस्तकं आणली, आणि पोरीला खोदून काही विचारायचं नाही असं ठरवून टाकलं. समोर बसवून विचारलं की या वयाच्या मुली मुक्या होतात. हाताला काम असलं की बोलतात. मेथी निवडताना, गवार मोडताना, कपड्यांच्या घड्या करताना एकेक धागा हाताला येत गेला.

पहिला धागा होता गुणांचा. दहावी-बारावीला खेळाचे वाढीव गुण मिळतात, हे तुम्हांला ठाऊकच आहे. शाळेत ‘खेळा गं, गुण मिळतील’ हे तिने इतकं ऐकलं होतं, की बारावीचा निकाल लागल्यावर तिच्या मनाने सरळ हिशेब केला. “आता गुण नाहीत, काकू. मग कशाला?”

एडवर्ड डेसी नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९७१ साली आपला एक प्रयोग प्रसिद्ध केला. कॉलेजच्या विद्यार्थ्यांना त्याने ठोकळ्यांची कोडी सोडवायला दिली. ती मुळातच गमतीची होती. काही जणांना एका बैठकीत प्रत्येक कोड्यामागे पैसे दिले, पुढच्या बैठकीत पैसे बंद. मग मोकळ्या वेळात कोण काय करतं ते गुपचूप पाहिलं. ज्यांना पैसे मिळाले होते त्यांचं कोड्यांवरचं मन उडत चाललं होतं. ज्यांना काहीच मिळालं नव्हतं, ते आपले गंमत म्हणून सोडवत होते. आपण लेकरांना गुणांचं, बक्षिसाचं गाजर दाखवतो आणि गाजर संपलं की खेळही संपतो, तो असा. दिरांना मी सांगून पाहिलं होतं, की अहो, राज्यात सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे. पण मनात म्हटलं, हे दुसरं गाजरच झालं. पळताना तिला जी मजा यायची, तिचं नाव कुणीच काढत नव्हतं.

दुसरा धागा लागायला महिना गेला. शाळेचं मैदान छोटं, सगळी ओळखीची माणसं. कॉलेजात मैदान मोकळं, आणि भोवतीच्या कट्ट्यावर मुलगे बसलेले. पहिल्याच आठवड्यात ही सराव बघायला गेली होती. एका मुलीने गडी बाद करायला सूर मारला, अंदाज चुकला आणि ती तोंडावर आपटली. कुणीतरी ते मोबाइलवर टिपलं आणि संध्याकाळपर्यंत हसऱ्या चेहऱ्यांसकट वर्गभर फिरलं.

“त्यात वाईट काहीच नव्हतं, काकू. ती पडली, एवढंच. पण तिचं पडणं सगळ्यांनी पाहिलं ना!”

दुसऱ्या दिवशी म्हणे एकाही मुलीने सूर मारला नाही. ज्यांनी खो-खो पाहिलाय त्यांना सांगायला नको, सूर मारल्याशिवाय हा खेळ म्हणजे फोडणीशिवायची आमटी.

आयरिस मॅरियन यंग या विदुषीने १९८० साली एक निबंध लिहिला. मुली चेंडू कसा फेकतात, यावर! मुलगा फेकताना पाय, कंबर, खांदा, सगळं अंग झोकून देतो, आणि मुली बहुधा नुसता हात हलवतात. हे हाडांच्या दुबळेपणामुळे नाही, असं तिचं म्हणणं. लहानपणापासून मुलीला शिकवण मिळते, की तुझ्याकडे कुणीतरी बघतंय. त्यामुळे ती एका वेळी दोन कामं करते. चेंडूही फेकते आणि फेकताना आपण कशा दिसतो यावरही लक्ष ठेवते. मग अर्धंच अंग खेळात उतरणार नाहीतर काय! मैत्रिणींनो, आपल्याला हे पुस्तकातून शिकायला नको. सुटलेल्या एस.टी.मागे धावताना आपला एक हात पिशवीला असतो आणि दुसरा पदराला. गाडी चुकली तरी चालेल, पदर ढळायला नको!

कपड्यांचंही तेच. कॉलेजच्या संघाचा पोशाख म्हणजे टी-शर्ट आणि आखूड चड्डी. ‘ट्रॅक पँट चालेल का’ हे सरांना विचारायची हिची हिंमत झाली नाही. आपल्याकडे कमी कपड्यांवरून बोलणी बसतात म्हणावं, तर २०२१ साली युरोपातल्या बीच हँडबॉलच्या स्पर्धेत नॉर्वेच्या महिला संघाला दंड झाला, का, तर बिकिनीऐवजी जरा लांब चड्ड्या घातल्या म्हणून! कुठे कमीची ओरड, कुठे जास्तीचा दंड. जिला धावायचं आहे तिला कशात सोयीचं वाटतं, हे विचारायचं दोन्हीकडे राहूनच गेलं.

तिसरा धागा मात्र मनाचा वाटला आणि निघाला शरीराचा. “आणि मला आता दमच लागतो. माझ्यात ताकद नाही राहिली,” ती म्हणाली. जिना चढून आली की खरंच धापा टाकायची. मी तिला आमच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन ९.४! या वयाच्या मुलीचं ते बाराच्या खाली असू नये. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “नवल काय? निम्म्या मुलींचं असंच येतं.” २०१९ ते २१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या शंभरातल्या ५७ बायकांना रक्तक्षय आढळला होता. म्हणजे कितीतरी मुली ‘आपण खेळायला नालायक’ असं मनात धरून बसत असतील, आणि खरं दुखणं लोहाचं असेल!

गोळ्या सुरू झाल्या. डॉक्टरीणबाईंनी दोन गोष्टी बजावल्या, त्या तुम्हांलाही सांगते. लोहाच्या गोळीबरोबर किंवा जेवणावर लगेच चहा-कॉफी नको, त्याने लोह अंगी लागत नाही. आणि जेवणात लिंबू-आवळा असावा, त्याने ते चांगलं लागतं. गोळी किती आणि किती दिवस, हे मात्र डॉक्टरांनाच ठरवू द्या.

पाळीचा विषय तिने मान खाली घालून काढला. शाळेत त्या दिवसांत ‘पोट दुखतंय’ सांगून बाजूला बसायचं, सर काही विचारायचे नाहीत. कॉलेजच्या संघाची चड्डी फिकट रंगाची. “डाग पडला तर?” ही भीती तिला महिन्यातले चार दिवस नाही, महिनाभर असायची. तिला मी विम्बल्डनची गोष्ट सांगितली. तिथे टेनिस खेळताना पांढऱ्याशुभ्र कपड्यांचा नियम किती कडक! पण तिथल्या खेळाडू बायकांनी हीच अडचण बोलून दाखवली आणि २०२३पासून त्यांना आतून गडद रंगाची चड्डी घालायला परवानगी मिळाली. ती बघतच राहिली. “म्हणजे त्या हे सगळ्यांसमोर बोलल्या?” बोलल्या म्हणूनच नियम बदलला की! त्या दिवसांत झेपेल तेवढं खेळल्याने अपाय होत नाही, उलट पुष्कळ जणींच्या पोटऱ्या-कंबरेचा आखडलेपणा कमी होतो. फार दुखत असेल किंवा अंगावरून फार जात असेल तर मात्र विश्रांती घ्यायची आणि डॉक्टरांना दाखवायचं.

चौथा धागा सर्वांत चिवट, कारण त्याचं टोक आपल्याच घरात. दसऱ्याच्या सुमाराला दिरांचा फोन आला. खेळाचा विषय निघाल्याबरोबर म्हणाले, “वहिनी, तिला शिकायला पाठवलीय, उड्या मारायला नव्हे.” जाऊबाईंनी फोन घेतला. “ताई, गुडघे बघितलेत का तिचे? नुसते व्रण. उद्या पाहुणे बघायला आले तर काय सांगू?” मागून सासूबाईंचा आवाज आला, “उन्हात काळी पडेल गं पोर!”

यांच्यातलं कुणी दुष्ट नाही. दिरांची काळजीही खोटी नव्हती. अंधार पडल्यावर तरणी मुलगी एकटी मैदानावरून येणार, परगावी सामने, सोबत कोण, हे प्रश्न कुठल्या बापाला पडत नाहीत? पण पोरीच्या कानावर हे सगळं मिळून एकच वाक्य जात होतं: तुझं अंग हे जपून ठेवायची वस्तू आहे, वापरायची नाही.

आणि एव्हाना ते नुसतं खो-खोपुरतं राहिलं नव्हतं. मला खरी धास्ती वाटली ती याची. वक्तृत्व स्पर्धेत भाग घे म्हटलं तर ‘मला नाही जमणार’. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिराला जा म्हटलं तर ‘मला नाही जमणार’. यांनी स्कूटर शिकवतो म्हटलं तरी तेच. जी पोर तीन-तीन गड्यांना हुलकावण्या देत पळायची, ती दुपारभर भिंतीकडे तोंड करून पडून असायची. मैदान सुटलं आणि त्याच्याबरोबर ‘मला जमतं’ हा विश्वासही सुटला.

हा विश्वास येतो कुठून, याचा उलगडा आल्बर्ट बँडुरा या मानसशास्त्रज्ञाने १९७७ साली केला होता. त्याने चार झरे सांगितले. एक, स्वतः करून पाहिलेलं आणि जमलेलं. दुसरा, आपल्यासारखीच कुणी ते करताना पाहिलेली. तिसरा, ज्याच्या शब्दाला वजन आहे अशा माणसाने सांगितलेलं, की तुला जमेल. आणि चौथा, आपलं अंग देत असलेल्या खुणा: धाप, धडधड, घाम, आणि त्यांचा आपण लावलेला अर्थ. वाचता वाचता मी थबकले. आमच्या पोरीचे चारही झरे आटले होते की!

रक्ताच्या गोळ्यांनी चौथा झरा जरासा मोकळा झाला होता. दुसऱ्यासाठी मी आधी मोठं उदाहरण दिलं. आमच्याच सातारा जिल्ह्यातली, माण तालुक्यातल्या मोही गावची ललिता बाबर. २०१६ साली रिओच्या ऑलिंपिकमध्ये तीन हजार मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावली, जगात दहावी आली. पुतणी शांतपणे म्हणाली, “ती ललिता बाबर आहे, काकू. मी मी आहे.” खरंच होतं तिचं. आकाशातल्या चांदणीकडे बघून पायाखालची वाट दिसत नाही.

मग ३० ऑक्टोबरचा तो क्रिकेटचा सामना. महिलांच्या विश्वचषकाची उपांत्य फेरी, नवी मुंबईत, समोर ऑस्ट्रेलिया. आम्ही सगळे दूरदर्शन संचासमोर. जेमिमा रॉड्रिग्ज नाबाद १२७ करून जिंकून देते काय, आणि नंतर सगळ्या जगासमोर डोळे पुसत सांगते काय, की या स्पर्धेत मी जवळजवळ रोज रडलेय, मनाला फार घोर लागला होता! तीन दिवसांनी भारताने विश्वचषक जिंकला, त्या रात्री गल्लीत फटाके वाजले. पण आमची पोर अडकून राहिली होती त्या रडण्यापाशी. “म्हणजे तिलाही भीती वाटते?” तिची समजूत अशी, की ज्या खेळतात त्यांना भीती वाटत नसते, आणि आपल्याला वाटते म्हणजे आपण खेळणाऱ्यांतल्या नव्हे.

खरी वाट दाखवली ती मात्र तिच्याच कॉलेजातल्या तिसऱ्या वर्षाच्या एका मुलीने. चष्मा लावणारी, अंगाने जराशी जाड, अभ्यासात बेताची. ती खेळते आणि आनंदाने खेळते, पडली तर आधी स्वतःच हसते. दिवाळीनंतर ती हिला आणि आणखी दोघींना म्हणाली, “कट्ट्यावरच्या पोरांचं सोडा. आपण सकाळीच खेळू.” आमच्या गल्लीच्या टोकाला प्राथमिक शाळेचं कुंपणाचं मैदान आहे. मुख्याध्यापिकाबाईंना मी जाऊन भेटले. सकाळी साडेसहा ते साडेसात, शाळा भरायच्या आधी. त्यांनी लगेच होकार दिला.

पहिला आठवडा नुसतं धावणं आणि उठ-बस. दुसऱ्या आठवड्यात खो देणं-घेणं. सूर मारायचं नाव तिसऱ्या आठवड्यात निघालं, तेही थेट मातीवर नाही. माळ्यावरची माझी जुनी कापसाची गादी मी देऊन टाकली. तीवर चौघी जणी असे काही सूर मारायच्या, की शेजारच्या आजी काठी टेकत बघायला यायच्या. आज गादीवर, उद्या भुसभुशीत मातीवर, परवा मैदानावर. लहान लहान पायऱ्यांनी जमलेली गोष्ट मनात पक्की बसते, हा बँडुराचा पहिला झरा.

तिसरा झरा जिमखान्याच्या सरांनी दिला. एका सकाळी ते बघून गेले. ‘वा, छान’ म्हणाले असते तर ती ‘उगाच म्हणतात’ म्हणाली असती. ते म्हणाले, “तुझी हुलकावणी चांगली आहे. खांबापाशी वळताना उशीर होतो, तेवढं बघू.” घरी येऊन तिने हे मला तीनदा सांगितलं. चूक दाखवली म्हणजे मनापासून बघितलं, असा तिचा हिशेब. ट्रॅक पँटचंही तिने त्याच दिवशी विचारून टाकलं. सर म्हणाले, “घाल की. नियमात कुठे अडतंय?” चार महिने ज्याची भीती, ते दोन शब्दांत मिटलं.

जानेवारीत, संमेलनाच्या आधी, कॉलेजात वर्गावर्गांचे सामने झाले. खेळायच्या आधी तिने मला फोन केला, “काकू, छातीत धडधडतंय.” मी म्हटलं, “धडधडू दे. अंग तयार होतंय म्हणायचं.” पहिला सामना जिंकल्या, दुसऱ्यात हरल्या. संध्याकाळी घरी आली ती कोपर खरचटून. हळद नको, आधी साबणाने धुते म्हणाली आणि नळाखाली हात धरून तिथूनच ओरडून सांगू लागली, “एक मिनिट चाळीस सेकंद टिकले! आणि काकू, पडलेसुद्धा. सगळ्यांसमोर. हसले सगळे. काही झालं नाही!”

ते ‘काही झालं नाही’ ऐकायला मी सहा महिने थांबले होते. पुढच्या आठवड्यात यांच्याकडे जाऊन म्हणाली, “काका, स्कूटर कधी शिकवताय?”

सगळं गोड झालं असं मात्र सांगत नाही. येत्या वर्षाच्या संघात नाव द्यायचं तर वडिलांचा होकार हवा. दिरांशी मी वाद घातला नाही. सराव अंधाराआधी संपतो, चौघी जणी बरोबर येतात, परगावच्या सामन्याला संघाबरोबर बाई असतात, हे एकेक करून सांगितलं. काळजीला उत्तर द्यावं, काळजी करणाऱ्याला नव्हे. त्यांनी अट घातली, पहिला वर्ग सुटता कामा नये. आणि शेवटी म्हणाले, “बघू.” आमच्या घरात ‘बघू’ म्हणजे निम्मा होकार. उरलेला निम्मा मिळेल की नाही, मला ठाऊक नाही.

तुमच्याही घरात अशी एखादी मुलगी असेल. लेक, भाची, पुतणी, शेजारीण. तिच्यासाठी फार काही करायला नको. ती दमते म्हणाली तर रक्त तपासून घ्या. कपड्यांत तिला काय सोयीचं वाटतं ते विचारा आणि गरज पडली तर शाळा-कॉलेजात तिच्याबरोबर जाऊन सांगा. एकटीला पाठवू नका, एखादी मैत्रीण जोडून द्या, एकीच्या जोडीने दुसरी टिकते. पैसे, गुण, पदक यांची लालूच शक्यतो दाखवूच नका. ‘काळी पडशील’, ‘हातपाय मोडून घेशील’, ‘लग्नात अडचण येईल’ ही तीन वाक्यं घरातून हद्दपार करा. आणि हेही ध्यानात ठेवा, की हाडांची जन्माची ठेव साधारण तिशीच्या आत भरायची असते. या वयात ज्या उड्या मारतात, धावतात, त्यांची ठेव मोठी राहते. आपली गुडघेदुखी, कंबरदुखी आठवा म्हणजे मी काय म्हणते ते लगेच कळेल.

आणि ती ‘मला नाही आवडत’ म्हणाली, तर लगेच ‘बरं’ म्हणू नका, की रागावूही नका. खरंच आवडत नसेल तर सोडू द्या, सगळ्यांनीच मैदानावर पळलं पाहिजे असं थोडंच आहे? पण तिच्याबरोबर भाजी निवडायला बसा आणि मध्येच सहज विचारा, “लहानपणी खेळताना मजा यायची का गं तुला?” मग गप्प राहून ऐका. पहिलं उत्तर बहुतेक खरं नसतं. तिसऱ्या-चौथ्या जुडीपर्यंत धीर धरा.